शिळ्या बफरमुळे (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणामुळे) जीवशास्त्रज्ञ टोनी हंटर यांना मोठा शोध लागला, ही गोष्ट खरी की दंतकथा?

खरी आहे, हंटर स्वतःच ती सांगतात. १९७९ साल, कॅलिफोर्नियातली सॉल्क इन्स्टिट्यूट. पेशीत प्रथिनांवर फॉस्फेट चिकटतो आणि त्यातून संदेश पुढे जातो, हे तेव्हा माहीत होतं. पण तो प्रथिनातल्या सेरीन आणि थ्रिओनीन या दोन अमिनो आम्लांवरच बसतो, असा समज होता. हंटर पॉलिओमा विषाणूचं गाठ निर्माण करणारं प्रथिन तपासत होते. फॉस्फेट बसलेली अमिनो आम्लं बफरमध्ये विजेच्या साहाय्याने वेगळी केली की त्यांचे वेगवेगळे ठिपके दिसतात. नवा बफर बनवायचा कंटाळा, म्हणून जुनाच वापरला. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर घसरला होता. ताज्या बफरमध्ये थ्रिओनीनच्या ठिपक्याखाली लपला असता तो तिसरा ठिपका वेगळा दिसला: टायरोसीन हे तिसरं अमिनो आम्ल! (अर्थात, आळस सगळेच करतात, अनोळखी ठिपक्याचा पिच्छा पुरवणारे थोडे.)

पुढच्याच वर्षी सार्क हे कर्करोगकारक प्रथिनही टायरोसीनवरच फॉस्फेट बसवतं हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध टायरोसीनवर फॉस्फेट बसवणाऱ्या अशाच एका एन्झाइमला रोखतं. पेशीत हा टायरोसीन-फॉस्फेट अगदी नगण्य प्रमाणात असतो. म्हणून प्रोटिओमिक्सवाले (पेशीतल्या प्रथिनांचा एकत्रित अभ्यास करणारे) आजही आधी अँटिबॉडीच्या गळाने तो ओढून काढतात, मग मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात घालतात.