ग्रेड तीन म्हणजे नक्की काय, आणि तुमच्या इमारतीचं पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गिरगावात आजोबांच्या वेळेपासूनची तीन मजली इमारत, १९२० च्या आसपास बांधलेली, सगळे पागडीचे भाडेकरू. ती महापालिकेच्या हेरिटेज यादीत ग्रेड ३ मध्ये आहे हे आत्ता कळलं. एक शेजारी म्हणतात, आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही. दुसरे म्हणतात, सरकार दुरुस्तीचे पैसे देईल. मालक म्हणतो, यादीला विचारतो कोण, पाडायचीच आहे. यातलं खरं कोणाचं?

दुर्दैवाने बरंचसं मालकाचं. पण सगळं नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ काढून टाकू. 'हेरिटेज' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी येते. ते वेगळं प्रकरण आहे. केंद्राचा १९५८ चा कायदा कान्हेरीच्या लेण्यांसारख्या, शीवच्या किल्ल्यासारख्या स्मारकांसाठी आहे. त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असतं. राज्याचा १९६० चा कायदा त्याखालचा. बाणगंगा तलाव त्यात येतो. पण या दोन्ही कायद्यांना माणसं राहतात, दुकानं चालतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात अशा इमारतींशी फारसं देणंघेणं नाही. मुंबईचं मुंबईपण तर अशाच इमारतींत आहे.

ती पोकळी भरायला १९९५ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला. शहराच्या बांधकाम नियमांतच वारसा इमारतींना संरक्षण देणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी आणि त्यांच्यासारखी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होती, हे विसरू नये. पहिल्या यादीत सहाशेच्या वर नोंदी होत्या. त्यात सीएसटी होतं तसा फ्लोरा फाउंटन होता, आणि सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर दाखवणारे रस्त्याकडेचे मैलाचे दगडही होते. आता हाच नियम, २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठी केलेल्या नव्या नियमावलीत ५२ क्रमांकाने आहे. तुम्ही वॉर्ड ऑफिसात गेलात तर तोच आकडा सांगा.

यादी करताना तीन ग्रेड ठरवले गेले. ग्रेड १ ला बाहेरून-आतून कुठेच हात लावायचा नाही. लावायचा तो फक्त इमारत भक्कम करण्यासाठी, तिचं आयुष्य वाढवण्यासाठी. ग्रेड २ चे दोन भाग आहेत. २-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, पण बाहेरच्या रूपाची कसून तपासणी होते. २-ब मध्ये त्याशिवाय त्याच आवारात शोभेलसं जोडबांधकामही काही वेळा मिळतं. ग्रेड ३ म्हणजे रस्त्याचं, मोहल्ल्याचं रूप घडवणाऱ्या इमारती. तिथे आतले-बाहेरचे बदल बहुतेक चालतात. थोडक्यात, खिळा ठोका. तुमच्या शेजाऱ्यांची भीती ग्रेड १ च्या इमारतीलासुद्धा पूर्ण लागू होत नाही.

नियमातली एक ओळ मात्र लक्षात ठेवा. यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, नूतनीकरण, गिलावा, इतकंच काय तर रंगकामसुद्धा आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, असं मूळ नियम म्हणतो. आयुक्त त्यावर हेरिटेज संवर्धन समितीचा सल्ला घेतात. समिती शिफारस करते, निर्णय आयुक्तांचा. अपवाद म्हणून तिची शिफारस डावलायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि हा डावलण्याचा अधिकार आयुक्तांना खालच्या कोणाकडे सोपवता येत नाही. बारीक वाटतं, पण मोक्याच्या वेळी हाच मुद्दा कामाला येतो. माहितीच्या अधिकारात ती लेखी कारणं मागता येतात.

आता मालकाचं खरं कुठे आहे ते. १९९९ साली नियमात बदल झाला. ग्रेड ३ मधल्या आणि हेरिटेज परिसरांतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या पुनर्बांधणीला, म्हणजे त्याच नियमावलीतल्या ३३(७) क्रमांकाच्या योजनेला, हेरिटेज समितीच्या मंजुरीची अट राहिली नाही. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, ठाकूरद्वार इथल्या १९४० पूर्वीच्या भाड्याच्या इमारती जवळजवळ सगळ्या उपकरप्राप्त. त्यामुळे ज्या ग्रेडमध्ये शहराचा सगळ्यात मोठा जिवंत भाग येतो, तोच सगळ्यात उघडा पडला. तीन एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकामाची मुभा, ५१ टक्के भाडेकरूंची संमती, आणि विकासक दारात. मला हे मनापासून खटकतं. ज्या घरांना सांभाळायला खरी मदत हवी होती, त्यांना आपण पाडण्याची सोय दिली.

पण दोष फक्त बिल्डरला देऊन चालणार नाही. मुळाशी पैशाचं गणित आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेलं भाडं पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहिलं, त्यात मालकाला कौलं बदलणंही परवडेना. मग उपकर गोळा करून दुरुस्ती करणारं मंडळ आलं, आज ते म्हाडाच्या छत्राखाली आहे. त्याच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा असते. परिणाम तुम्ही जिन्याखाली रोज बघता : लाकडी टेकू. दोन महिन्यांसाठी लावलेला टेकू दोन पिढ्या उभा असतो. यादीत नाव आलं म्हणून या गणितात एक रुपयाही वाढत नाही. नियमात मालकाला हेरिटेज टीडीआरची तरतूद आहे, म्हणजे इमारत राखल्यामुळे वापरता न आलेलं क्षेत्र दुसरीकडे विकता येतं. पण ते हक्क गेल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि तुमच्यासारख्या इमारतीला, जिथे पाडायला मोकळीकच आहे, तिथे त्याचा आधार फार थोडा. तेव्हा 'सरकार पैसे देईल' हे डोक्यातून काढा.

नुसत्या ग्रेडने काय होतं आणि काय होत नाही, हे बघायचं असेल तर काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघा. मूळचं वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकातलं. ओतीव लोखंडाचे खांब-तुळया इंग्लंडात घडवून जहाजाने आणले आणि इथे जोडले. १८९६ च्या जुलैमध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथे. ग्रेड २-अ, म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी वरचा. पण मालक-भाडेकरू वाद, आत शेकडो लहान ऑफिसं, पोटमाळे, गळकी नळकांडी. २००५ साली काही भाग कोसळला, २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी झाली, आणि पाडा म्हणणारे आणि वाचवता येते म्हणणारे असे दोन्ही बाजूंचे अहवाल आले. लोखंड तितकं वाईट नव्हतं. सांभाळणारं कोणी नव्हतं.

उलट ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती घ्या. २०१८ साली युनेस्कोच्या यादीत व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको मिळून ९४ इमारती गेल्या. तिथल्या रहिवाशांनी ओव्हल मैदान आधी सांभाळलं, मग इमारतींसाठी धडपड केली. तिथे पैसा आहे हे खरं. पण पैशाच्या आधी त्यांच्याकडे एकी होती, हेही खरं.

या बाबतीत २०१२ ची आठवण काढायलाच हवी. महापालिकेने ९४८ नव्या नोंदींची यादी काढली. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी असे परिसर त्यात होते. दादरकरांनी हरकतींचा पाऊस पाडला. आपलं घर यादीत जाणं म्हणजे घराची किंमत जाणं, असं लोकांना वाटलं, आणि त्यांना उलट पटवून देईल असं काहीच शासनाने हातात दिलं नव्हतं. मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही.

आता तुमच्या इमारतीकडे. तुम्ही लिहिलंय की मागच्या बाजूचे खांब 'गेलेत' असं मालकाच्या इंजिनिअरने सांगितलं. कुठे गेलेत ते बघितलंत का? अशा इमारती सागवानी खांब-तुळयांवर उभ्या असतात, मधे विटांच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा. साग सहसा सगळा जात नाही. मोरीच्या बाजूचा खांब बुडाशी जातो. ठाकूरद्वारच्या एका इमारतीत अशाच 'गेलेल्या' खांबाच्या तळाशी पेचकस टोचला तर लोण्यात जावा तसा आत गेला. त्याच खांबाला हातभर वर पेचकसाने ओरखडा उठेना. वरच्या मोरीचा गळका पाइप आणि त्यावर कोणीतरी फासलेलं सिमेंट, एवढंच कारण. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि लाकूड आतल्या आत कुजतं. मग वरचं वजन टेकूवर घेतलं, कुजका भाग कापला, पाडकामातून आलेल्या जुन्या सागाचा तुकडा सांधा घालून बसवला, तळखडा कोरडा केला, पाइप भिंतीबाहेरून नेला. ते कुटुंब त्या काळात त्याच खोलीत राहत होतं.

सगळ्याच इमारती अशा वाचतात असं नाही. तुळया मधोमध वाकल्या असतील, जिन्याची भिंत इमारतीपासून सुटली असेल, तर माणसांचा जीव आधी. मग वारसा बाजूला ठेवून बाहेर पडायचं. पण हे पत्रकात छापून येत नाही, तपासून कळतं. महापालिका इमारतीला सी-१, सी-२ अ, सी-२ ब किंवा सी-३ असा वर्ग देते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. मालकाने आणलेला अहवाल सी-१ म्हणत असेल तर भाडेकरूंना स्वतःचा स्वतंत्र अहवाल देता येतो, आणि दोन अहवालांत फरक पडला तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. लाकडी बांधणी समजणारा इंजिनिअर शोधा. आरसीसीच्या सवयीने बघणाऱ्याला प्रत्येक लाकडी खांब संशयास्पदच वाटतो.

मी तुमच्या जागी असतो तर या पावसाळ्याआधी असं केलं असतं. भाडेकरूंची साधी सभा घेऊन किती जणांना खरंच राहायचं आहे आणि किती जणांना नवं घर हवं आहे ते मोकळेपणाने विचारा. नवं घर हवं म्हणणाऱ्यांना वारशाचे शत्रू समजू नका, पाचव्या मजल्यावरच्या लिफ्टचं आणि घरातल्या संडासाचं मोल साठी उलटलेल्या माणसाला विचारावं. सगळ्यांनी पुनर्बांधणीच ठरवली तर निदान करारात लिहून घ्या की रस्त्याकडची गॅलरी, लोखंडी कंस, कोरीव कठडे उतरवून पुन्हा बसवायचे. राहायचं ठरलं तर मोऱ्यांचे पाइप आणि छप्पर, एवढ्या दोन गोष्टींना आधी हात घाला. दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करताना ग्रेड ३ चा यादीतला क्रमांक त्यात लिहा, चुन्याचंच काम हवं हे लेखी मागा, आणि अर्जाच्या पोचवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.