सॅटेलाइट क्यूकेडी शिकायचंय? आधी लॉसचं गणित कर
अरे, क्यूकेडी म्हणजे क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, फोटॉन (प्रकाशाचे कण) पाठवून दोघांमध्ये गुप्त की तयार करायची, पण एकदम सॅटेलाइटवर उडी मारू नकोस, आधी फायबरचा लॉस, म्हणजे वाटेत किती प्रकाश गळतो ते, वहीवर मांडून बघ, किलोमीटरला ०.२ डीबी (घट मोजायचं एकक) धर, म्हणजे १०० किमीला २० डीबी, शंभरातला एकच फोटॉन पोचतो, आणि क्वांटम सिग्नल मध्येच ॲम्प्लिफाय करता येत नाही, म्हणून तर वर जायचं, हवेचा दाट थर थोडाच, पुढे पोकळीच. मग चीनचा २०१६ चा मिशियस सॅटेलाइट घे. २०१७ ला त्याच्या कीवर बीजिंग-व्हिएन्ना व्हिडिओ कॉल झाला, पण नीट बघ हां, दोन्हीकडच्या की सॅटेलाइटला माहीत होत्या! हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. म्हणून २०२० चा ११२० किमीचा एंटँगलमेंटवाला (एकमेकांशी क्वांटम नात्याने जोडलेल्या फोटॉनच्या जोड्या वापरणारा) प्रयोग वाचच, तिथे सॅटेलाइटवर भरवसा ठेवायची गरजच नाही, मला तर तोच सगळ्यात भारी वाटतो.