तुमचे प्रश्न : कॉर्कात रोज काय दिसतं?

मागच्या अंकात आयर्लंडमधल्या कॉर्क शहराबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की मलाच नवल वाटलं. कोल्हापूरची किती पोरंपोरी तिकडं आहेत याचा मला अंदाजच नव्हता. मी तिथं नर्स म्हणून सहा वर्षं काढली, आता परत रंकाळ्याकाठी आलेय. सगळ्या पत्रांना जागा पुरणार नाही, त्यातली सहा घेते.

प्रश्न : मुलगा सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी कॉर्कला चाललाय. नेटवर बघितलं तर नुसते पूल आणि चर्च दिसतात. तो सकाळी घराबाहेर पडला की त्याला काय दिसणार हे कुणी सांगतच नाही. (एक आई, मंगळवार पेठ)

ताई, पूल दिसतात कारण मधलं शहर म्हणजे बेटच आहे. ली नदी शहरात शिरताना तिचे दोन फाटे होतात, पुढं ते परत एक होतात आणि मधल्या जागेत सगळी बाजारपेठ. कॉर्क हे नावच आयरिश भाषेतल्या दलदल या अर्थाच्या शब्दावरनं आलंय. पूर्वी इथल्या कित्येक रस्त्यांच्या जागी पाणी होतं आणि त्यातनं होड्या चालायच्या, मग ते पाट बुजवून वर रस्ते केले, म्हणून मेन रोड, म्हणजे सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट, सरळ जातच नाही, नदीसारखा वळण घेत जातो. साउथ मॉल रस्त्यावर काही जुन्या घरांच्या दाराला उंच पायऱ्या आहेत आणि खाली कमानी, तिथं होड्या लागायच्या. मला हे कळायला वर्ष गेलं, रोज त्याच रस्त्यानं ड्युटीला जात होते तरी. मुलाला पहिल्याच आठवड्यात बघायला सांगा.

पॅट्रिक्स स्ट्रीटला गाववाले 'पॅना' म्हणतात. आपण काही घ्यायचं नसताना महाद्वार रोडला एक चक्कर मारून येतो की नाही, तसं तिथं पॅना करतात. 'इको' हा तिथला १८९२ पासूनचा पेपर, पूर्वी संध्याकाळी निघायचा, आणि तो विकणारी पोरं नाक्यावर उभी राहून लांब हेल काढून 'एको' अशी आरोळी ठोकायची. आता ती आरोळी फारशी ऐकू येत नाही, पण त्या पेपरवाल्या पोराचा पुतळा रस्त्यावर उभा आहे. पेपर विकणाऱ्या पोराचा पुतळा, राजाचा न्हवं! मला हे फार म्हणजे फारच आवडायचं.

आणि बोलणं. तिथं वाक्याच्या शेवटी 'बॉय' लावतात, म्हातारा असू दे नाहीतर पोरगा, ऐकायला ते 'बाय' असं येतं. आपल्या 'भावा'सारखंच. बायकांना 'गर्ल'. मी अडतीस वर्षांची होते आणि वॉर्डातल्या आजी मला "काय गं पोरी" म्हणाव्यात तसं गर्ल म्हणायच्या, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ड्युटी संपल्यावर घरी फोन करून आईला सांगितलं होतं.

दोन गोष्टी त्याला आत्ताच सांगून ठेवा. बसमधनं उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणायचं, तिथं शाळेतली पोरं पण म्हणतात, न म्हणता उतरलं तर कोण रागवत नाही पण आपण बाहेरचे हे लगेच कळतं. (परत आल्यावर मी इथल्या केएमटी बसमध्ये पण म्हणायला लागले, ड्रायव्हरदादा आधी दचकले, आता हसतात.) आणि कुणाच्या घरी गेलं की चहा. दुधाचाच, कडक, फक्त आपल्यासारखा उकळत नाहीत. कॉर्कातली बॅरीज नावाची चहाची पेढी १९०१ पासूनची आहे आणि माणसं तिच्याबद्दल असं बोलतात जसं आपण आपल्या गुळाबद्दल बोलतो. पहिल्यांदा विचारल्यावर "नको" म्हणायचं, मग आग्रह होतो, मग घ्यायचा. हे त्याला वेगळं शिकवायला लागणार नाही.

प्रश्न : तिथल्या चर्चमधली घंटा कुणीही वाजवू शकतं असं ऐकलं, खरं का? आणि भगतसिंगांचे साथीदार क्रांतिकारक जतीन दास यांच्या उपोषणाचा त्या गावाशी संबंध आहे म्हणतात तो काय? (निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

सर, खरं आहे. शँडन टेकडीवर सेंट अ‍ॅन्स चर्च आहे, १७२२ चं, त्याच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. तिकीट काढून वर जायचं, पहिल्या टप्प्यावर आठ दोर असतात, समोर नंबर लिहिलेले कागद, त्या नंबरांप्रमाणे दोर ओढत गेलं की गाण्याची चाल वाजते. म्हणजे परगावचा माणूस चुकत माकत वाजवतोय आणि ते सगळ्या शहराला ऐकू जातंय! मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा तिसऱ्या दोरालाच चुकले. खाली येऊन बघते तर समोरच्या घरातली बाई निवांत कपडे वाळत घालत होती, तिला रोजचंच ते.

एकूण एकशे बत्तीस पायऱ्या चढून वर गेलं की सगळं शहर दिसतं. त्या मनोऱ्याच्या दोन भिंती लाल दगडाच्या आणि दोन पांढऱ्या, आणि कॉर्कचे रंग पण लाल-पांढरे. घड्याळाला चार बाजूंनी चार तबकड्या, चारी वेगवेगळी वेळ दाखवायच्या म्हणून त्याला 'चार तोंडांचा खोटारडा' असं प्रेमानं म्हणतात. शेंड्यावर वारा दाखवायला कोंबडा नाही, मासा आहे, सोनेरी सामन मासा.

त्याच टेकडीवर जुना लोण्याचा बाजार. १७७० पासून १९२४ पर्यंत चालला, एकोणिसाव्या शतकात जगातला सगळ्यात मोठा होता. खेड्यापाड्यातनं खारवलेलं लोणी लाकडी पिंपांत भरून यायचं, तपासनीस पिंपात खोलवर सळई घालून आतलं लोणी काढायचे, बघायचे, वास घ्यायचे आणि प्रत ठरवायचे, मग ते जहाजानं पार वेस्ट इंडिजपर्यंत. आपल्या गूळबाजारात रवे फोडून बघत सौदे निघतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आता तिथं लोण्याचं म्युझियम आहे.

जतीन दासांचं असं. टेरेन्स मॅकस्विनी हे कॉर्कचे लॉर्ड मेयर. इंग्रजांनी पकडून लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवलं, तिथं चौऱ्याहत्तर दिवस अन्न घेतलं नाही आणि २५ ऑक्टोबर १९२० ला गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १३ सप्टेंबर १९२९ ला, लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानं जतीन दास गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी आयर्लंडमधनं शोकाची तार पाठवली होती. आपल्या माणसासाठी त्या घरानं तार केली, कसं वाटलं असेल ती लिहिताना, असं माझ्या मनात नेहमी यायचं.

प्रश्न : मटण मिळतं का ओ तिथं? (एक खवय्या, लक्ष्मीपुरी)

मिळतं, आणि मंडई बघून तुम्ही खूश व्हाल. इंग्लिश मार्केट म्हणतात तिला, १७८८ ची, शहराच्या मधोमध, वर छप्पर, आत कारंजं आणि पिढ्यान् पिढ्यांचे गाळे. २०११ मध्ये इंग्लंडची राणी आली होती तेव्हा ती पण इथं येऊन मासेवाल्याशी हसत बोलत उभी राहिली, तो फोटो सगळीकडं छापून आला.

आता ऐका. तिथलं जुनं खास जेवण म्हणजे ट्राइप आणि ड्रिशीन. ट्राइप म्हणजे वजडी, दुधात कांदा घालून शिजवलेली. ड्रिशीन म्हणजे रक्ताचं केलेलं, आतड्यात भरून. म्हणजे काय तर रक्ती! फक्त मसाला नाही. मी पहिल्यांदा बघितलं आणि गाळ्यावरच्या काकांना म्हटलं आमच्या गावात पण रक्ती खातात, मुंडीबरोबर, तिखट करून, तर त्यांनी अर्धा तास सोडलं नाही, कांदा कधी घालता, खोबरं कशाला, सगळं विचारून घेतलं. एक मात्र, ड्रिशीनमध्ये गाईचं रक्त पण असू शकतं, चालत नसेल तर आधी विचारा, ते नीट सांगतात. आणि 'बटर्ड एग्ज' म्हणून अंडी मिळतात, ताजी गरम असतानाच वरनं लोणी चोळलेली, त्यानं ती टिकतात. नक्की घ्या. शेळीचं मटण सहज दिसत नाही, मेंढीचं कोकरू असतं, त्याचा पांढरा रस्सा मी केलाय आणि चांगला झाला होता.

प्रश्न : फुटबॉल आहे का तिथं, का नुसतं क्रिकेटच? (शिवाजी पेठेतला एक कार्यकर्ता)

भावा, क्रिकेट फारसं नाहीच. तिथं हर्लिंग! हातात लाकडी काठी, लहान कडक बॉल, आणि पळत पळत असला मारतात की बघताना श्वास अडकतो. भारी गोष्ट म्हणजे खेळाडूंना पगार नसतो. सोमवारी शाळेत शिकवणारा मास्तर रविवारी भरल्या स्टेडियमसमोर खेळतो. क्लब पण गल्लीचे, गावाचे, आपल्या तालमींसारखे, आजोबा ज्या क्लबचे नातू त्याच क्लबचा. मॅचच्या दिवशी गाड्यांना, खिडक्यांना लाल-पांढरे झेंडे.

दुसरा खेळ रोड बोलिंग, तो आयर्लंडात मुख्य करून कॉर्क आणि आर्मा या दोन भागातच उरलाय. साधारण आठशे ग्रॅमचा लोखंडी गोळा, गावाबाहेरचा वाकडातिकडा डांबरी रस्ता, ठरलेलं अंतर कमीत कमी फेकीत पार करायचं. पुढं एक जण पाय फाकून उभा राहून कुठनं टाकायचा ते दाखवतो, मागंपुढं अख्खं गाव चालतंय, पैजा लागतायत, मधेच गाडी आली तर गाडीवाला थांबून काच खाली करून विचारतो कोण पुढं आहे म्हणून. रविवारी सुट्टी मिळाली की मी जायचे. माती न्हवती एवढंच, नाहीतर खासबागेतल्या कुस्तीचंच वातावरण.

प्रश्न : मुलीच्या घरमालकांचे वडील वारले. तिला जायचं का, काय बोलायचं काहीच कळेना, ती रडकुंडीला आली होती. (एक वडील, उचगाव)

जायचं. बोलावणं लागत नाही. तिथं गावच्या रेडिओवर मयताची बातमी सांगतात, नेटवर टाकतात, आणि ज्यांची नुसती तोंडओळख होती ते पण येतात. लोक रांगेनं येतात, घरचे ओळीत बसलेले असतात, प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि 'सॉरी फॉर युवर ट्रबल' एवढंच म्हणायचं. पिढ्यान् पिढ्या हेच वाक्य, त्यामुळं काय बोलू हा प्रश्नच उरत नाही. नंतर चहा आणि सँडविच असतं, ते घेतल्याशिवाय निघायचं नाही, आपल्याकडं रक्षाविसर्जनानंतर थांबतो तसं. माझा एक पेशंट गेला तेव्हा मी अशीच भीत भीत गेले होते, त्याच्या बायकोनं माझा हात सोडलाच नाही, शेजारी बसवून घेतलं. तुमची लेक आता गेली नसेल तरी चालेल, उशीर झाला असं होत नाही. एक कार्ड घेऊन दार वाजवू दे.

प्रश्न : बहीण म्हणते तिथं ६ जानेवारीला बायकांचा सण असतो. म्हणजे आपल्या हळदीकुंकवासारखंच का? (रुईकर कॉलनी)

'नलिग ना मॉन', म्हणजे बायकांचा ख्रिसमस. ख्रिसमसचे बारा दिवस घरातल्या बाईनं रांधून वाढून काढलेले, म्हणून शेवटच्या दिवशी तिला सुट्टी, स्वयंपाक आणि भांडी पुरुषांकडं. ही पद्धत कॉर्क आणि शेजारच्या केरीत जास्त टिकून राहिली, आता बाकी आयर्लंडात पण परत सुरू झालीय. पूर्वी बायका एकमेकींच्या घरी जमून उरलेला केक आणि चहा घ्यायच्या, आता हॉटेलात जातात. त्या संध्याकाळी शहरात फिरलं तर टेबलाटेबलावर आई, आजी, मावशा, नाती, शाळेतल्या मैत्रिणी, आणि असला हसण्याचा आवाज! ख्रिसमसची सजावट पण त्याच दिवशी उतरवायची, ठेवली तर अपशकुन म्हणतात.

हळदीकुंकवासारखं आहे पण आणि नाही पण. मला आमच्या वॉर्डातल्या बायकांनी पहिल्याच वर्षी नेलं. आम्ही नऊ जणी होतो, त्यात दोघी विधवा, एक घटस्फोटित, एक लग्नच न केलेली, आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होती ती साठीची विधवा. माझी आई तेव्हा वडील जाऊन दोन वर्षं झाली म्हणून कुणाच्या हळदीकुंकवाला जात नव्हती, बोलावणंच यायचं नाही. मी त्या टेबलावरनं उठून बाथरूममध्ये जाऊन रडले. २०२२ मध्ये आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा मी कॉर्कातच होते, ती बातमी मी त्या सगळ्या जणींना वाचून दाखवली. परत आल्यापासनं माझ्या घरी दर संक्रांतीला सगळ्या बायका येतात, पहिलं वाण आईच्या हातनं देते. शेजारच्या दोघी पहिल्या वर्षी आल्या नाहीत, गेल्या वर्षी आल्या.

बहिणीला सांगा ६ तारखेचं टेबल डिसेंबरातच सांगून ठेव, नंतर जागा मिळत नाही. आणि तिळगूळ पाठवणार असाल तर नोव्हेंबरअखेरच पोस्टात टाका, म्हणजे त्या जेवणाला मैत्रिणींना वाटता येतील. वड्या नको, लाडूच पाठवा, वड्यांचा भुगा होतो.