घरची वाइन: बुडबुडे मोजणं बंद करा (प्रश्नोत्तरे)

घरी वाइन करणाऱ्यांचे प्रश्न आले की त्यातले निम्मे बुडबुड्यांबद्दलच असतात. बुडबुडे येत नाहीत, फार येतात, थांबले, परत सुरू झाले. सगळ्यांना परत परत तेच उत्तर लिहिण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं एकत्र लिहून टाकू. त्याआधी एक गोष्ट, हायड्रोमीटर (रसात तरंगवून त्यात साखर किती आहे ते सांगणारं काचेचं साधन; साध्या पाण्यात ते १.००० दाखवतं, साखर जितकी जास्त तितका आकडा वर) नसेल तर आधी तो आणा आणि मग पुढचं वाचा, कारण जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो येणारच आहे.

प्रश्न: यीस्ट टाकून २४ तास झाले, एअरलॉकमध्ये (झाकणावरची पाण्याची नळी, जी आतला गॅस बाहेर सोडते पण हवा आत येऊ देत नाही) एकही बुडबुडा नाही. परत यीस्ट टाकू का?

नको. ७२ तासांपर्यंत थांबा. आणि झाकण नीट घट्ट बसलंय का तेही बघा, कडेने गॅस जात असेल तर एअरलॉक शांतच दिसणार.

प्रश्न: चांगली कडक वाइन व्हावी म्हणून साखर जरा जास्त घातली, सुरुवातीचं रीडिंग १.१२० होतं. आता दोन आठवडे झाले १.०२० वर अडकलंय. आणखी साखर घातली तर परत सुरू होईल का?

साखर? अहो, साखरेनेच तर अडकलंय. १.१२० पासून १.०२० पर्यंत आलात म्हणजे अल्कोहोल आत्ताच १३ टक्क्यांच्या आसपास झालंय (दोन रीडिंगमधला फरक गुणिले १३१, हा साधा हिशोब लिहून ठेवा). तळापर्यंत आंबली असती तर १६ च्या वर गेली असती, आणि तिथपर्यंत जायची ताकद सगळ्या यीस्टमध्ये नसते. शिवाय सुरुवातीलाच रस इतका गोड असला की यीस्ट पहिल्या दिवसापासूनच दमलेलं असतं. साधी वाइन करायची तर १.०८० ते १.०९५ च्या मध्ये सुरू करा.

आता जे झालंय त्याचं काय? आधी वाइनचं तापमान बघा. १५ अंशाच्या खाली असेल तर यीस्ट मेलेलं नसून गारठलेलं असू शकतं, बरणी २०-२२ अंशाच्या जागी आणा आणि तळाचा गाळ हलकेच ढवळा. तेवढ्याने नाही जमलं तर जास्त अल्कोहोल सोसणारं यीस्ट (ईसी-१११८ सारखं) नवीन घ्या. पण ते थेट बरणीत ओतू नका, १३ टक्के अल्कोहोलमध्ये एकदम पडलं की ते तिथेच मरतं आणि मग लोक म्हणतात पाकीट खराब होतं. ३५ ते ३८ अंशाच्या कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवा, त्यात थोडा रस आणि यीस्टचं पोषण घाला, वर फेस यायला लागला की तेवढीच अडकलेली वाइन घाला, परत फसफसेपर्यंत थांबा, मग परत दुप्पट करा, असं करत करत पूर्ण बरणीपर्यंत या. एक-दोन दिवस जातात, जाऊ द्या. आणि अडकलेल्या बरणीत डायअमोनियम फॉस्फेटचा (यीस्टला नायट्रोजन पुरवणारी पावडर) चमचा टाकू नका, इतक्या अल्कोहोलमध्ये यीस्टला ते घेताच येत नाही, उलट दुसऱ्याच जिवाणूंची सोय होते.

"२० टक्के हमखास" लिहिलेली टर्बो यीस्टची पाकिटं मिळतात, ती घेऊ नका. ते मुळात साखरपाणी आंबवून पुढे ऊर्ध्वपातन करणाऱ्यांसाठीचं आहे, त्यात पोषणाचा मारा असतो आणि वाइनची चव त्याच्या डोक्यातही नसते. एवढं करूनही महिनाभर काटा हलला नाही तर नमुना वाइन तपासणाऱ्या लॅबमध्ये दाखवा, कारण न दिसता बसून आहे.

प्रश्न: ब्रेडचं यीस्ट चालतं का?

चालतं, पण गाळ नीट बसत नाही आणि वाइनला पावाचा वास येतो. वाइनचं यीस्ट घ्या.

प्रश्न: वाइनला सडक्या अंड्यासारखा वास येतोय. एकाने सांगितलं तांब्याचं नाणं टाकून ठेव, वास जातो. टाकू का?

हा "एकाने सांगितलं" मला एकदा भेटायला हवा.

वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की ते हा गॅस सोडतं, कधी फळांवर फवारलेलं गंधक राहिलं असेल तरीही येतो. आंबवण सुरू होऊन दोन-तीन दिवसच झाले असतील तर थोडं पोषण घालून ढवळा, बहुतेक वेळा त्यात भागतं. आंबवण संपली असेल तर गाळावरून काढून दुसऱ्या बरणीत ओता, आणि या एकाच वेळी उंचावरून, शिंपडत ओता म्हणजे गॅस उडून जाईल. एरवी असं ओतलंत तर मी रागावेन. हे लगेच करायचं, पुढच्या महिन्यात नाही. तसाच ठेवला तर त्याचे मरकॅप्टन (गंधकाचीच, पण जास्त चिवट संयुगं) होतात, मग वास कांद्याकडे, जळक्या रबराकडे जातो, आणि तो नुसत्या ओतण्याने जात नाही.

तांब्याबद्दल. तांबं हा वास धरून ठेवतं हे खरं आहे, म्हणूनच तर ही अफवा टिकून आहे. पण वाइन आम्लधर्मी असते, नाण्यातून किती तांबं सुटलं हे तुम्हाला कळणार कसं? शिवाय नाणं नुसतं तांब्याचं नसतं, इतर धातू असतात आणि कितीतरी हातांचा मळ असतो. वाइनरीत कॉपर सल्फेट वापरतात ते आधी चाचणी करून, मोजून, आणि शेवटी लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर तांबं उरायला नको अशा हिशोबाने. हे स्वयंपाकघरातल्या चमच्याने करायचं काम नाही, माहितगाराला विचारल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न: वर पांढरी साय आलीये. टाकून द्यावी लागेल का?

आधी नाक लावा. पातळ, सुरकुतलेली, पिठासारखी साय असेल आणि वास बरा असेल तर ते हवेवर जगणारं यीस्ट आहे, बरणी अर्धी रिकामी ठेवली की येतं. खालून वाइन काढून घ्या, सल्फाइट (वाइन टिकवणारी गंधकयुक्त पावडर) द्या, लहान बरणीत गळ्यापर्यंत भरा. केसाळ, हिरवी-काळी बुरशी असेल तर सगळंच फेका, वरचं काढून खालचं प्यायची हौस नको. आणि व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येत असेल तर ती वाइन राहिलेली नाही. सोडा घालून आंबटपणा मारायचा, साखर घालून झाकायचं, हे उद्योग करू नका, ॲसिटिक ॲसिड असं परत फिरत नाही. हवा आणि चिलटं, दोन्ही बाहेर ठेवा, चिलटांच्या पायाला ते जिवाणू चिकटून येतात.

प्रश्न: आंबवण थांबल्यावर (बुडबुडे बंद झाले होते) प्रत्येक बाटलीत दोन मोठे चमचे साखर घालून बूच मारलं, आम्हाला गोड आवडते. तीन आठवड्यांनी दोन बुचं उडाली आणि काल रात्री एक बाटली फुटली. बाकीच्यांचं काय करू? सॉर्बेट टाकलं तर चालेल का?

बैल गेला आणि झोपा केला. सॉर्बेटचं नंतर बोलू, आधी त्या बाटल्यांपासून लांब व्हा.

आत्ता करायचं ते असं. मुलांना आणि जनावरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. बाटल्या हलवू नका, उचलून बघू नका, "जरा सैल करून बघतो" तर अजिबात नको. जाड ब्लँकेट किंवा दोन-तीन जाड चादरी त्यांच्यावर टाका, खोली जितकी थंड करता येईल तितकी करा, थंडीत दाबही कमी होतो आणि यीस्टही मंदावतं. पूर्ण थंड झाल्यावर, डोळ्यांना गॉगल (चष्मा नाही, गॉगल), जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, एका वेळी एकच बाटली, जाड टॉवेलात गुंडाळून, तोंड स्वतःपासून आणि सगळ्यांपासून लांब करून बूच हळूहळू सोडायचं. एकाहून जास्त बाटल्या फुटल्या असतील किंवा भीती वाटत असेल तर हे स्वतः करू नका, अनुभवी माणसाला बोलवा. आणि जिथे काच फुटलीये तिथली सांडलेली वाइन गाळून वाचवायची नाही.

आता हे का झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या एका गोष्टीने माझी झोप उडते. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २५ ग्रॅम साखर. ७५० मिलीची बाटली, म्हणजे लिटरला ३३ ग्रॅम. बंद बाटलीत लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक वातावरण दाब वाढतो. करा भागाकार, आठ. शॅम्पेनमध्ये पाच-सहा असतो, आणि तेवढ्यासाठी तिची काच जाड असते, तळ आत दबलेला असतो, बुचावर तारेची जाळी असते. तुमची साध्या वाइनची बाटली यातल्या कशासाठीच केलेली नाही. बूच उडालं त्या दोन बाटल्या नशिबाच्या म्हणायच्या, ज्यांचं बूच पक्कं बसलंय त्याच खऱ्या धोक्याच्या.

आणि मूळ चूक साखर नाहीच. मूळ चूक कंसात लिहिलीये, "बुडबुडे बंद झाले होते". बुडबुडे थंडीनेही बंद होतात, झाकण सैल असलं तरी होतात, यीस्ट दमलं तरी होतात. बुडबुडे बंद झाले म्हणजे गॅस एअरलॉकमधून बाहेर येत नाहीये, बस, एवढंच. साखर उरलीये का, हे हायड्रोमीटरच सांगतो. नळीत वाइन घ्या, हायड्रोमीटर सोडा आणि बोटाने गर्रकन फिरवा, कारण त्याला गॅसचे बारीक थेंब चिकटतात आणि ते त्याला वर उचलून रीडिंग खोटं करतात. थांबला की डोळे पातळीला आणून वाचा, काचेजवळ चढलेल्या कडेला नाही, मधल्या सपाट भागाला. ०.९९० ते ०.९९६ च्या मध्ये आलं, आणि आठवड्याने परत तेवढंच आलं, तर आंबवण संपली म्हणायचं. हे गोड करण्याआधी करायचं, साखर घातल्यावर आकडा वर जाणारच.

तरीही यीस्ट मेलेलं नसतं, भूक लागून झोपलेलं असतं, आणि तुम्ही त्याला दोन चमचे वाढता. म्हणून गोड वाइन बाटलीत भरायची तर आधी ती पूर्ण नितळ होऊ द्या, गाळावरून काढा, मग पोटॅशियम सॉर्बेट लिटरला ०.२ ग्रॅमच्या आसपास आणि सोबत सल्फाइट. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, त्यामुळे जोरात आंबत असलेल्या, गढूळ वाइनमध्ये टाकून काही उपयोग नाही. आणि एकटं सॉर्बेट टाकलंत तर काही जिवाणू तेच खाऊन जिरेनियमच्या पानासारखा वास करतात, जो आयुष्यात जात नाही. मग साखर घालून बरणी एअरलॉकखालीच दोन-तीन आठवडे ठेवा, आकडा हलला नाही तरच बाटली. "सात दिवसांत प्यायला तयार" असं छापलेले किट घेणाऱ्यांच्या हे पचनी पडत नाही, पण ज्याने किट विकलं तो तुमच्या घरची काच गोळा करायला येणार नाही. एवढं करायचं नसेल तर वाइन कोरडीच भरा, गोडी ग्लासात घाला. मी हेच सांगतो सगळ्यांना.

प्रश्न: घरच्या वाइनमुळे आंधळेपणा येतो असं ऐकलं. मिथेनॉल कसं काढायचं?

काढायचं नाही, काढायची गरजही नाही. फळांतल्या पेक्टिनमधून (ज्याने जॅम घट्ट होतो तो घटक) थोडं मिथेनॉल तयार होतंच, विकतच्या वाइनमध्येही असतं, साध्या वाइनमधलं प्रमाण त्या धोक्याच्या जवळपासही जात नाही. विषारी दारूने माणसं दगावतात, डोळे जातात, ते मुख्यतः कुणीतरी औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. "उकळून मिथेनॉल उडवतो" म्हणत घरात भट्टी लावायची कल्पना मात्र डोक्यातून काढा. आग लागते, आणि बहुतेक देशांत परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. वाइनबद्दलही तुमच्या इथला कायदा आधी बघून घ्या. आणि कुठलीही दारू प्यायल्यावर धूसर दिसणं, पोटात कळा, धाप असं काही झालं तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: सल्फाइट न घालता चालेल का? घरात एकाला दमा आहे.

दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने खरंच त्रास होतो, तेव्हा त्यांनी प्यायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी सांगणार नाही. आणि तुम्ही घातलं नाही तरी यीस्ट स्वतः थोडं तयार करतंच, "सल्फाइट फ्री" असं लेबल बघून फसू नका. बाकीच्यांसाठी घाला, पण अंदाजाने चिमूट नको. किती लागेल हे पीएचवर असतं, ३.२ ला लिटरमागे २०-२२ मिलिग्रॅम मोकळा (सल्फाइटमधून सुटणारा) सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.८ ला तेच ८० च्या घरात जातं. पीएच मोजा, जमत नसेल तर मोजून घ्या. पावडर ब्लीचमध्ये मिसळायची नाही, आणि पाण्यात विरघळवताना भांड्यावर तोंड नेऊन वास घ्यायचा नाही.

प्रश्न: तीन महिने झाले, अजून गढूळच आहे.

फळं उकळली होती का? मग पेक्टिन असणार, पेक्टिक एन्झाइम घाला (ते रसातच घातलं असतं तर बरं, अल्कोहोलमध्ये हळू चालतं). नसेल तर बेंटोनाइट (गाळ खाली बसवणारी एक चिकणमाती), लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आधी पाण्यात फुगवून. आणि गॅस उरला असेल तर गाळ बसत नाही, हलकेच ढवळून तो आधी काढा. चकचकीत डब्यातलं "क्लिअरिंग सिस्टीम" घेण्याआधी घटक वाचा, कित्येकदा आत हेच बेंटोनाइट निघतं.

प्रश्न: तळाशी काचेसारखे खडे जमलेत. काच आहे का?

बाटली शाबूत असेल तर नाही. टार्टरचे स्फटिक आहेत, थंडीत बसतात, निरुपद्रवी. वरून निथारून घ्या.

प्रश्न: आंबवण झोपायच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून केली तर तापमान छान राहतं. चालेल ना?

नाही. एक लिटर रसातून ४०-५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो हवेपेक्षा जड. बरणी मोठी असेल तर हवा खेळती लागेल.

प्रश्न: घरात जुनं, सुंदर चकाकी दिलेलं मातीचं भांडं आहे, त्यात दोन महिने वाइन मुरवली. चव मस्त आलीये. पुढच्या वेळी पितळेच्या हंड्यात करू म्हणतोय.

पितळ नको, तांबं नको, ॲल्युमिनियम नको. काच, स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक, बस. आणि जुन्या भांड्याच्या चकाकीत शिसं असू शकतं, आम्ल त्याला हळूहळू बाहेर काढतं, चवीवरून काहीही कळत नाही. ती वाइन कुणाला देऊ नका, शिशासाठी तपासायला पाठवा. पिऊन झाली असेल तर डॉक्टरांना भांड्याबद्दल सांगा आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई त्याच भांड्यातलं लोणचं वगैरे खात असेल तर आजच विचारा.