फुल स्टेअरिंगमध्ये मागून घरघर करणारी जुनी सीआर-व्ही फोर बाय फोर: घरी काय काय करता येते?

तुम्ही विचारलंय की २००५ ची होंडा सीआर-व्ही फोर बाय फोर सेकंडहँड घेतली, नागपुरातच, आता पार्किंगमध्ये फुल स्टेअरिंग कापून गाडी फिरवली की मागून घरघर येते आणि मागच्या सीटखाली थरथर लागते, वर्कशॉपवाला म्हणते मागचा अख्खा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) बदला, तर यातलं घरी काही होते का की ही गाडी घेण्यातच चूक झाली. चूक नाही झाली भाऊ. आणि डिफरेन्शियल बदलायला अजिबात हो म्हणू नका, निदान त्यातलं तेल आणि दोन वायसर बदलून पाहेपर्यंत तरी नाहीच.

मी मेकॅनिक नाही, मानेवाड्याला राहतो, नोकरी वेगळी आहे, पण बारा-तेरा वर्षांपासून घरी एक जिप्सी आणि एक याच मॉडेलची सीआर-व्ही स्वतःच सांभाळून राहिलो. तुमचा आवाज मी माझ्याच गाडीत ऐकलेला आहे म्हणून एवढं खात्रीने सांगून राहिलो.

आधी हे समजून घ्या की आवाज करते कोण. तुमच्या गाडीत मागच्या डिफरेन्शियलच्या, म्हणजे डिफच्या, तोंडाशी दोन छोटे पंप आहेत. एक प्रोपेलर शाफ्टवर (पुढून मागच्या डिफपर्यंत ताकद आणणारा लांब दांडा) फिरतो म्हणजे पुढच्या चाकांच्या हिशोबाने, दुसरा मागच्या चाकांच्या हिशोबाने. दोन्ही सारखे फिरले की एकाने ढकललेलं तेल दुसरा ओढून घेतो, प्रेशर बनतच नाही आणि गाडी नुसती पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं चिखलात घसरली की पुढचा पंप जास्त तेल फेकतो, प्रेशर चढते, त्याने डिफजवळच्या क्लचच्या (पायाखालचा क्लच नाही, हा वेगळा) प्लेटा दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद जाते. ना सेन्सर ना मोटर, सगळा खेळ तेलावर. आता फुल स्टेअरिंग कापलं की पुढची चाकं मोठ्या गोलात फिरतात आणि मागची छोट्या गोलात, म्हणजे स्पीडमध्ये फरक आला, म्हणजे क्लच थोडा तरी लागणारच, आणि तेल म्हातारं झालेलं असलं की प्लेटा गुळगुळीत सरकायच्या ऐवजी पकडतात-सोडतात, पकडतात-सोडतात. तीच तुमची घरघर. म्हणूनच सकाळी गाडी थंड असताना ती कमी येते आणि तासभर चालवून घरी आल्यावर गेटमध्ये वळवताना जास्त येते, हे पण पाहून घ्या, असंच असलं तर नव्वद टक्के तेलच आहे.

आता तेल कोणतं हा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि इथेच आपल्याकडे गाड्यांची वाट लागते. या डिफमध्ये होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच टाकावं लागते, आता बाटलीवर ड्युअल पंप टू असं लिहून येते. आपल्याकडे मागचा डिफ म्हटलं की हात आपोआप ९० नंबरच्या गिअर ऑइलच्या डब्याकडे जाते, काऊन की ट्रक, जीप, सुमो सगळ्यांत तेच चालते. पण ते ऑइल फक्त क्राउन-पिनियनसाठी (डिफमधल्या मुख्य गिअरच्या जोडीसाठी) आहे, यात तर त्याच तेलात क्लचच्या प्लेटा पण भिजून असतात. माझी गाडी मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने कुठल्यातरी गॅरेजमध्ये ९० नंबर भरून घेतलेलं होतं. ड्रेन उघडलं तर मधासारखी जाड काळी धार, वास जळक्या गंधकासारखा, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप बसलेला. तो लेप बोटावर घेऊन चोळला तर काजळासारखा मऊ लागला, खरखर नाही. मऊ लागला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चमकणारा तुकडा निघाला तर मात्र आत काहीतरी तुटलेलं आहे, तेव्हाच खोलायचा विषय.

काम असं करा. हे तेल होंडाच्या पार्ट काउंटरवर आधी ऑर्डर द्या, भरायला साधारण एक लिटर लागते, पण दोन-तीन लिटर आणा, कारण एकदा बदलून प्लेटांमधलं जुनं तेल पूर्ण निघत नाही. दोन प्लगचे दोन नवीन वायसर पण घ्या, दोन्हींचं माप वेगळं असते. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा म्हणजे तेल पातळ होते, जास्त नको, सायलेन्सर बाजूलाच असते आणि हात भाजते. डिफला मागच्या बाजूने दोन प्लग दिसतील, खालचा ड्रेनचा, वरचा भरायचा, दोन्हींना तीन सुताची (३/८ इंच) चौकोनी खाच आहे, त्यात गोटी (सॉकेट) न लावता तीन सूत ड्राइव्हचा रॅचेट सरळ बसते.

आणि आता हे वाक्य दोनदा वाचा: आधी वरचा प्लग उघडा. खालचा उघडून तेल सांडून बसले आणि वरचा वीस वर्षांचा जाम झालेला निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही आणि तेल भरता पण येत नाही. वरचा ढिला झाला की मगच खालच्याला हात लावा. जाम असला तर आदल्या रात्री जंग काढायचं स्प्रे मारून ठेवा, सकाळी प्लगच्या डोक्यावर हातोडीने दोन-चार हलके टोले द्या आणि लांब दांडा लावून एकाच दमात फिरवा. छिन्नी लावू नका, प्लगचा कोपरा गेला की काम दसपट वाढते.

भरताना गाडी चारही बाजूंनी लेव्हलमध्ये पाहिजे, फक्त मागून उचलली तर तेलाची पातळी चुकते. वरच्या भोकात पाइप टाकून हळूहळू भरा, भोकातून तेल परत गळायला लागलं की थांबा, प्लग लावा. मग लेआउटमधल्या रिकाम्या मैदानात जाऊन फुल स्टेअरिंग कापून उजवीकडे पाच-सहा आणि डावीकडे पाच-सहा गोल फेऱ्या एकदम हळू मारा. माझ्या गाडीत तिसऱ्या फेरीला आवाज कमी झालेला कानाला कळला, पण पूर्ण गेला नाही, मग आठ दिवस चालवून तेच तेल परत काढलं आणि नवीन भरलं, दुसऱ्या वेळेस आवाज गेला तो गेला. आता मी दर ४०-५० हजार किलोमीटरला बदलतो. काढलेलं तेल नालीत टाकू नका, कुठल्याही गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा ड्रम असते, तिथे द्या.

आपल्या उन्हात एक काळजी अजून. मे महिन्यात हे काम पहाटे साडेपाचला सुरू करा, नऊनंतर फरशीवर पाठ टेकवत नाही. आणि डांबरी रस्त्यावर दुपारी जॅक लावला तर डांबर मऊ होऊन जॅक आत रुतते, खाली जाड फळी टाकाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही, चारही बाजूंना घोडी (लोखंडी स्टँड) लावायची, विटा नाही, वीट एका क्षणात फुटते. फोर बाय फोर वाल्यांसाठी खास गोष्ट म्हणजे पुढची दोन चाकं उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवून पाहायचा प्रयोग करू नका. साध्या गाडीत बहुतेक जण हे करतात. तुमच्या गाडीत पुढची चाकं फिरली आणि मागची थांबलेली असली की तो क्लच लागते, मागची चाकं ढकलतात आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे येते. टोइंगचं पण तसंच, पुढून उचलून मागची चाकं घासत नेऊ देऊ नका, चारही चाकं वर असलेली गाडीच बोलवा, पैसे जास्त लागले तरी चालेल.

तेल बदलूनही आवाज राहिला तर टायर पाहा. खरं म्हणजे मी टायर आधीच पाहायला सांगायला पाहिजे होतं, काऊन की त्याला एक रुपया लागत नाही. पंक्चर-भेग झाली की आपण दोन टायर बदलतो, दोन जुनेच ठेवतो, साध्या गाडीत चालून जाते. पण हिशोब करा: नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर, झिजलेल्याची ३, म्हणजे ५ मिलिमीटरने त्रिज्या कमी, म्हणजे घेरात तीन सेंटिमीटरच्या वर फरक. चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास असते, तर दर किलोमीटरला झिजलेलं चाक सात फेरे जास्त मारते. इथून अमरावती दीडशे किलोमीटर, म्हणजे हजार फेऱ्यांचा फरक त्या दोन पंपांना कोरड्या सरळ रोडवर पचवावा लागते. पुढे झिजलेले आणि मागे नवीन असले तर अजूनच वाईट, कारण पुढची चाकं सतत जास्त फिरतात आणि गाडीला वाटते पुढे चिखल आहे. सुबारूवाले तर चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको म्हणतात, आपल्याकडे ती गाडी शेवरोलेट फॉरेस्टर नावाने आली होती, कोणाकडे असली तर त्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं. टेप घेऊन चारही टायरचा घेर बाहेरून मोजा, हवा सकाळी थंड टायरमध्ये सारखी करून मग मोजा. आणि टायर दर दहा हजारला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा.

दुसरे आवाज यात मिसळू देऊ नका. फुल कापून अॅक्सिलरेटर दिला की पुढून टकटकटक येत असेल तर ते एक्सलचं बाहेरचं जॉइंट आहे, त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालं आणि माती आत गेली. आपल्या उन्हात रबर लवकर तडकते, म्हणून बुटाच्या घड्यांमध्ये बोट घालून दर सहा महिन्यांनी पाहायचं, नुसता वरून बूट चांगला दिसते. चीर सापडली तेव्हाच बूट बदलला तर जॉइंट वाचते. स्पीडसोबत वाढणारी घूं-घूं आणि वळणावर अंग टाकल्यावर तिचा सूर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. डी मधून आर मध्ये (ऑटोमॅटिकमध्ये पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये) टाकताना दणका बसत असेल तर इंजिन माउंटिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे फिरते सांधे.

सेकंडहँड आणि नागपूरची म्हणालात म्हणून हे पण विचारून घ्या की २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ही गाडी कुठे उभी होती. त्या रात्री अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गाड्या बुडाल्या. माझ्या मावसभावाची डस्टर एडब्ल्यूडी तिकडेच उभी होती, पाणी दारापर्यंत. वर्कशॉपमध्ये इंजिन, सीट, वायरिंग सगळं साफ करून दिलं पण मागच्या डिफला कोणी हातच लावला नाही. दिवाळीनंतर मी त्याचा ड्रेन उघडला तर दुधाचा चहा बाहेर आला, अक्षरशः तोच रंग. डिफच्या वर एक छोटी हवेची नळी असते, ब्रीदर, त्यातून तो श्वास घेतो. ती मातीने बंद असली की गरम झालेल्या डिफमधली हवा ऑइल सील ढकलून तेल बाहेर काढते, आणि गरम डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसून तो जिथून जमेल तिथून पाणी ओढून घेतो. ही गोष्ट मला पहिल्यांदा ताडोब्याच्या एका जिप्सीवाल्या दादाने दाखवली, मोहर्ली गेटच्या बाहेर गाडीखाली वाकून, तोंडाने नळीत फुंकून, हवा जाते की नाही ते पाहत. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी मी दोन्ही गाड्यांची ब्रीदर साफ करतो.

जिप्सीचं एका वाक्यात, कारण खाली एकाने तेही विचारलंय: तिच्यात पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफ नाही, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कडक जोडला जातो, म्हणून फोर बाय फोर फक्त चिखल-रेतीत लावा, कोरड्या डांबरावर लावून वळवलं की शाफ्ट पिळल्या जाते आणि लिव्हर परत निघत नाही, तसं झालंच तर थोडी रिव्हर्स घ्या म्हणजे पीळ सुटते. तिच्या डिफमध्ये मात्र ९० नंबरच, आणि क्रॉसच्या निपलांना ग्रीस गन लावत राहा.

घरी काय नाही करायचं तेही सांगतो. डिफ खोलायचा नाही, क्राउन-पिनियनचं सेटिंग मायक्रॉन-मायक्रॉनचं काम आहे. चाकाचं बेअरिंग प्रेसवर बसते, हातोडीने ठोकून बसवलेलं महिनाभरात परत ओरडते. प्रोपेलर शाफ्ट बॅलन्सिंगला हिंगणा एमआयडीसीकडे जाणकार माणूस शोधा, आणि काढण्याआधी दोन्ही टोकांना पेंटची खूण करा, जसा होता तसाच परत बसला पाहिजे. एसीच्या गॅसला आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावू नका.

तर येत्या रविवारी पहिले टायर मोजा, मग तेल काढा. निघालेल्या तेलाचा रंग आणि चुंबकावरचा लेप कसा होता ते इथे खाली लिहा, फोटो टाकला तर अजूनच बरं, त्यावरून पुढचं सांगतो.