पाळेगाराचा 'पॉलिगार' करू नका

प्रश्न आला आहे तो असा: 'तमिळ मुलखातल्या तेलुगू नायक राजांविषयी वाचताना "पॉलिगार" हा शब्द सारखा भेटतो. तो मूळचा कुठला? आणि नायक, नायक्कर, नायडू नि आपले नाईक हे सगळे एकाच घरचे का?'

आधी पॉलिगार. असा शब्द मराठीत नाही. मराठीत आहे तो पाळेगार. बखरींत आहे, पेशवाईच्या कागदांत आहे, 'पुंडपाळेगार' या जोडशब्दात तर आजही जिवंत आहे. तरीही स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत 'पॉलिगारांचा उठाव' असं छापतात, तेच वर्तमानपत्री लेखांत उतरतं आणि मुलं तेच घोकतात. हे वाचलं की मनस्वी चीड येते. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना ळ म्हणता येत नव्हता, म्हणून त्यांनी जमेल तसं लिहिलं. आपल्या तोंडात ळ आहे, आपल्या कोशांत शब्द आहे, मग साहेबाचा बोबडा उच्चार आपण कशासाठी गिरवायचा?

नायकाचं थोडक्यात सांगतो. शब्द संस्कृत, पण विजयनगरात तो हुद्दा होता: राजाने मुलूख लावून द्यायचा, नायकाने त्याच्या उत्पन्नातून फौज बाळगायची. कुमार कंपनाने १४व्या शतकात मदुराईची सुलतानशाही मोडली, तेव्हापासून विजयनगरचे सरदार तमिळ मुलखात उतरू लागले. १६व्या शतकात मदुराई, तंजावर आणि जिंजी इथे त्यांची घराणी बसली. मदुराईचा पहिला विश्वनाथ नायक, परंपरेने साल १५२९. तंजावरचा पहिला शेवप्पा नायक. रयत तमिळ, राजा तेलुगू. तंजावरचा रघुनाथ नायक तर स्वतः तेलुगूत काव्य लिहिणारा. पुढे १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले तिथे गादीवर आले, तरी दरबारातली तेलुगू उठली नाही. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने तेलुगूत यक्षगानं, म्हणजे नाचगाण्याची नाटकं, रचली. मराठी राजाने तमिळ मुलखात बसून तेलुगूत लिहावं, यात त्या काळी कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

आता पाळेगार. तमिळमध्ये 'पाळैयम्' म्हणजे लष्कराचा तळ, छावणी. तेलुगूत 'पाळेमु', कन्नडमध्ये 'पाळेय' किंवा 'पाळ्य'. तळ ज्याच्या ताब्यात तो तमिळमध्ये 'पाळैयक्कारर'. पुण्यात 'लष्कर' म्हटल्यावर आज माणसाला फौज न आठवता बाजार आठवतो, तसंच तिकडे झालं: तळ उठले, गावं राहिली. मेट्टुपाळयम, राजपाळयम, उत्तमपाळयम या सगळ्या गावांच्या पोटात एकेक जुना तळ आहे. बेंगळुरात नोकरी करणारी आपली मुलं रोज गोरगुंटेपाळ्यावरून जातात. त्यातलं पाळ्य नि आपल्या पुंडपाळेगारातलं पाळे एकच, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

मदुराईत विश्वनाथ नायक आणि त्याचा दळवाय, म्हणजे सेनापती, अरियनाथ मुदलियार यांनी मुलखाची ७२ पाळैयमं पाडली आणि कोटाचा एकेक बुरूज एकेका पाळेगाराकडे सोपवला, असं सांगतात. पाळेगाराने सारा गोळा करायचा, ठरलेला वाटा नायकाकडे पाठवायचा, शिबंदी ठेवायची आणि गावांची राखण करायची. राखणीला तिकडे 'कावल' म्हणतात. चोरी झाली आणि माल सापडला नाही, तर भरपाई राखणदाराने करायची. आपल्याकडे रामोश्यांच्या रखवालीचा रिवाज होता तो याच जातीचा.

तो ७२ चा आकडा सगळे उगाळतात, मला मात्र तो एका दिवसात झालेल्या वाटणीचा हिशेब वाटत नाही. तिरुनेलवेलीच्या पश्चिमेकडचे पाळेगार बहुतेक मरवर जातीचे, म्हणजे अस्सल तमिळ. प्रसिद्ध पाळेगार पुली तेवर त्यांच्यातलाच. पूर्वेकडे काळ्या कापसाच्या जमिनीवर उत्तरेतून आलेले तेलुगू लोक बसले, तिथले पाळेगार तेलुगू. नायकांनी काही ठिकाणी आपली माणसं बसवली आणि काही ठिकाणी आधीच बसलेल्यांना मान्यता दिली, असाच याचा अर्थ मी लावतो. कोऱ्या कागदावर रेघा मारून ७२ तुकडे पाडले, ही दरबारी कथा आहे.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात प्रिय आहे. शब्द आपल्याकडे आला कुठून? हॉब्सन-जॉब्सन हा इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश. तो म्हणतो, मूळ तमिळ, मग तेलुगू 'पाळेगाडु', तिथून मराठी 'पाळेगार', आणि इंग्रजी रूप या शेवटच्या दोहोंपैकी एकावरून. म्हणजे साहेबाने शब्द कदाचित आपल्याकडूनच उचलला आणि आपण तो त्याच्याकडून मोडका परत घेतो आहोत! ते एक असो. पण मराठीने तो तेलुगूतून घेतला, हे मला साफ अमान्य आहे. मधली कन्नड कुठे गेली? तेलुगूतून आला असता तर 'गाडु'च्या ड ची काही खूण राहिली असती. तमिळमधून थेट आला असता तर 'पाळेकार' झाला असता, कारण मराठीला 'कार' परका नाही. आपल्याकडे आहे 'गार', आणि कन्नडमध्ये करणाऱ्याला, बाळगणाऱ्याला लागणारा प्रत्यय नेमका 'गार' आहे: मोसगार म्हणजे फसवणारा, पाळेयगार म्हणजे पाळेय बाळगणारा. कोणी म्हणेल, तेलुगूतही 'गारु' आहे. आहे, पण तो माणसाच्या नावामागचा आदर आहे, आपल्या 'राव'सारखा. त्याने काम कळत नाही.

इतिहासही याच बाजूने बोलतो. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतलं आणि ते शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे यांच्याकडे आलं. ते ज्याच्याकडून घेतलं तो केंपेगौडाही याच वर्गातला, स्थानिक गढीचा धनी. शहाजीराजांबरोबर गेलेल्या मराठी कारकुनांची आणि शिलेदारांची या लोकांशी रोजची गाठ पडली ती कानडी मुलखात. जिंजी १६७७ मध्ये महाराजांनी घेतली आणि पुढे १६८९ ते १६९८ राजाराम महाराज तिथे राहिले. तोवर माझ्या मते हा शब्द मराठी माणसाच्या जिभेवर चांगला रुळला असणार.

'पाळेगार म्हणजे प्रजेचं पालन करणारा' ही व्युत्पत्ती मात्र कृपा करून कोणी पुढे पाठवू नये. 'पाळणे'ला 'गार' जोडून शब्द होत नाही. 'पाळत ठेवणारा तो पाळेगार' हीही तितकीच पोकळ. अशा व्युत्पत्त्या सांगणारे शेजारच्या भाषेचा कोश उघडायची तसदी घेत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. दक्षिणेच्या तीन भाषांत तळ उभा आहे, त्याच्याकडे पाठ फिरवून ही मंडळी घरातल्या घरात धातू शोधत बसतात.

मग तळाचा धनी आपल्याकडे 'पुंड' कसा झाला? एक कारण उघड आहे: ज्याला खंडणी हवी, त्याच्या दप्तरात खंडणी न देणारा नेहमीच पुंड असतो. दुसरं कारण माझं आहे, पण मी त्यावर ठाम आहे. मराठीत फारसी 'गार' आधीच होता, गुन्हेगारात. पाळेगार येऊन त्याच्या शेजारी बसला. कानाला दोघे एकाच माळेचे मणी वाटले आणि गुन्हेगाराचा वास पाळेगाराला लागला. दोन्ही 'गार' दिसायला जुळे आहेत, पण एक फारसी आणि एक कन्नड.

कंपनीनेही हीच दृष्टी उचलली. पांचाळंकुरिचीचा पाळेगार वीरपांड्य कट्टबोम्मन तेलुगू घराण्यातला. मूळ पुरुषाचं नाव 'गेट्टिबोम्मु', म्हणजे भक्कम बोम्मु, असं सांगतात. कंपनीने त्याला बंडखोर ठरवून १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तारला फाशी दिलं. १८०१ मध्ये कर्नाटकाचा, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या तमिळ मुलखाचा, कारभार कंपनीकडे गेला, शिवगंगेच्या मरुदु बंधूंनाही फाशी झाली आणि पाळेगारी संपली. हे लोक आपल्या मुलखासाठी लढले. त्यांच्याबद्दल मराठीत लिहिताना नुसतं 'पाळेगार' लिहावं, मागे 'पुंड' चिकटवू नये.

राहिले नायक्कर नि नायडू. मूळ एकच. तेलुगूत 'नायकुडु'चा 'नायुडु' झाला, तोच आपण नायडू म्हणतो. तमिळमध्ये आदरार्थी 'अर' लागून नायक्कर. आपल्याकडे मधला य विरून नाईक. श्रीलंकेत कँडीच्या गादीवर १७३९ ते १८१५ राज्य केलं ते घराणंही नायक्करच. त्याचा शेवटचा राजा इंग्रजांच्या कैदेत वेल्लोरच्या किल्ल्यात वारला. मात्र आडनावावरून मातृभाषा काढायला जाऊ नका. तमिळनाडूत नायक्कर हे नाव तेलुगू घरंही लावतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ असलेले वन्नियार जातीचे लोकही, आणि कन्नड बोलणाऱ्या घरात जन्मलेले समाजसुधारक पेरियार रामस्वामीही आधी नायक्करच होते. मदुराई, तंजावर, जिंजीच्या राजांना मराठीत 'नायक' लिहा.