बर्निना रेल्वेची वीज आल्बुला मार्गापेक्षा वेगळी का?

कारण दोन्ही मार्ग मुळात वेगळ्या कंपन्यांचे. स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ ते इटलीतलं तिरानो हा बर्निना मार्ग 1908 ते 1910 दरम्यान टप्प्याटप्प्याने सुरू झाला, पहिल्यापासून डीसी विजेवर. वीज ब्रूझिओच्या जलविद्युत केंद्राची. आधी 750 व्होल्ट, पुढे 1000. कूरच्या बाजूने सेंट मॉरिट्झला येणारा आल्बुला मार्ग मात्र रेटियन रेल्वे कंपनीचा; आधी वाफेचा, 1919 मध्ये 11,000 व्होल्ट एसीवर गेला. 1940च्या दशकात बर्निना कंपनी रेटियन रेल्वेत विलीन झाली, तरी तारा तशाच राहिल्या. म्हणून कूर–तिरानो गाडीचं इंजिन वाटेतल्या पोन्त्रेसीना स्थानकात बदलावं लागे. 2010पासून दोन्ही विजांवर चालणाऱ्या ‘अलेग्रा’ गाड्यांनी ती कटकट मिटवली. चढावर पकड देणाऱ्या दातेरी रुळाविना या गाड्या 7 टक्के चढ चढतात, हे विशेष!